फळीवरची रिकामी जागा

चंदीगडच्या एका सेक्टरमध्ये एक निवृत्त वायुसैनिक राहत होते. मूळचे साताऱ्याकडचे. तरुणपणी हवाई दलात भरती झाले, गावोगाव बदल्या झाल्या आणि नोकरीची शेवटची वर्षे त्यांनी चंदीगडच्या तीन नंबरच्या बेस रिपेअर डेपोत काढली. रशियन बनावटीची एमआय जातीची हेलिकॉप्टर तिथे पूर्ण उघडली जातात, तपासली जातात आणि पुन्हा जोडून आकाशात पाठवली जातात. त्या कामात त्यांचा हात मुरला होता. निवृत्तीनंतर गावी परतायचे ठरले होते. पण मुलांच्या शाळा इथल्या, काकूंच्या मैत्रिणी इथल्या. जाणे लांबत गेले आणि शेवटी राहूनच गेले. मराठी माणसे त्यांना काका म्हणत, पंजाबी शेजारी अंकलजी म्हणत.

घर बेताचे होते, पण घरापुढे अंगण होते आणि अंगणापुढे शांत रस्ता. ली कार्बुझिएने हे शहर आखताना घरांच्या दारापर्यंत जाणारे रस्ते मोठ्या रहदारीपासून वेगळे ठेवले. त्यामुळे अंगणात दोन आणि रस्त्याच्या कडेला दोन अशा चार गाड्या कुणाला अडचण न होता उभ्या राहत.

हिवाळ्याचे धुके सरले की दरवर्षी एका रविवारी काकांच्या अंगणात गाड्यांची हौस असणारी मंडळी जमत. गाडीचे बॉनेट उघडले की ज्यांचा चेहरा उजळतो, अशी ही माणसे. प्रत्येकाने आपापली गाडी आणायची, ऑइल आणि फिल्टर आणायचे आणि सगळ्यांनी मिळून सगळ्यांच्या गाड्या दुरुस्त करायच्या. काकू सकाळी पोहे करत. दुपारी शेजारच्या घरातून गोबीचे पराठे आणि पांढरे लोणी येई. पैशांचा व्यवहार नसे.

काकांचे नियम तीनच होते. पहिला, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जायचे नाही. आधी लोखंडी घोड्या लावायच्या. दुसरा, जळके ऑइल गटारात ओतायचे नाही. ते डब्यात भरायचे आणि परवाना असलेल्या माणसाच्या हवाली करायचे. तिसरा नियम फळीचा होता.

व्हरांड्याच्या भिंतीवर एक लांब फळी होती. तिच्यावर काकांची सगळी हत्यारे टांगलेली असत आणि प्रत्येक हत्यारामागे त्याच आकाराची काळी आकृती रंगवलेली असे. पाना उचलला की त्याची आकृती उघडी पडे. शेजारी खिळ्यावर पितळी बिल्ले होते, प्रत्येकावर एकेक आकडा ठोकलेला. येणाऱ्या प्रत्येकाला सकाळीच आपल्या आकड्याचे चार-पाच बिल्ले मिळत. हत्यार घेतले की त्याच्या जागी आपला बिल्ला अडकवायचा. हत्यार परत ठेवले की बिल्ला काढून घ्यायचा. संध्याकाळी फळी पूर्ण भरल्याशिवाय एकाही गाडीला किल्ली लागत नसे.

त्या वर्षी चार गाड्या आल्या होत्या. बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांची १९९७ सालची मारुती ८०० होती. पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि शेवटची जानेवारी २०१४ मध्ये कारखान्यातून निघाली. मधल्या तीस वर्षांत ती किती घरांची पहिली गाडी झाली असेल! यांच्याही घरातली ती पहिलीच. वडिलांनी घेतलेली, म्हणून मुलाने जपलेली. एका सरदारजींची जिप्सी होती. पीजीआय रुग्णालयातल्या एका परिचारिकाबाई आपली जुनी झेन घेऊन आल्या होत्या. चौथी गाडी नवीकोरी, मोठी. ती आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या नागपूरच्या एका तरुणाची. तिला चाके अदलाबदल करण्यापलीकडे काही करायचे नव्हते. तरुण शिकायला आला होता.

आणखी एक पोरगा तिथे होता. सोळा-सतरा वर्षांचा असेल. रोज पहाटे बादली आणि फडके घेऊन तो त्या गल्लीतल्या गाड्या पुसायचा आणि मग शाळेत जायचा. रविवारी शाळा नसे. काम आटोपून तो काकांच्या फाटकाशी उभा राहिला आणि उघड्या इंजिनांकडे पाहत राहिला. मध्येच कुणी पाण्याची बाटली मागितली तर आणून देई, कुणी फडके मागितले तर देई. फाटकाच्या आत मात्र आला नाही. त्याला कुणी आत ये म्हटलेच नव्हते.

काम सुरू झाले. नागपूरचा तरुण हुशार होता आणि हाताने चपळ होता. काका एकदा दाखवत, दुसऱ्यांदा तो स्वतः करी. चाकाचे नट ओळीने आवळायचे नाहीत, समोरासमोरचे आवळायचे, म्हणजे चाक सरळ बसते, हे त्याने सकाळीच उचलले. ड्रेन बोल्टखालचा वायसर दरवेळी नवा घालायचा, नव्या ऑइल फिल्टरच्या रबराला आधी बोटाने ऑइल लावायचे, प्लग पहिल्यांदा हातानेच फिरवून बसवायचा आणि मग पाना लावायचा, हे सगळे तो भराभर शिकला. स्वतःचे काम तासाभरात संपवून तो दुसऱ्यांच्या गाड्यांकडे वळला. जिप्सीचे प्लग त्याने काढले. झेनचे ब्रेक पॅड बदलताना तो बाईंच्या मदतीला बसला. सगळे त्याला शाबासकी देत होते आणि शाबासकीने त्याचा वेग वाढत होता.

दुपारी तो मारुती ८०० जवळ आला. त्या गाडीचा एअर फिल्टरचा डबा कार्बोरेटरच्या डोक्यावर बसतो. त्याने दहाचा गोटी पाना घेतला, डबा सोडवला आणि उचलून बाजूला ठेवला. मग कार्बोरेटरवरची धूळ पुसू लागला. तेवढ्यात शेजारून पराठे आले. हात धुवायला सगळे नळाकडे गेले, तोही गेला.

जेवण लवकर आटोपून बँकेतले गृहस्थ गाडीकडे परतले. आपल्या गाडीला आपला हात लागावा, असे त्यांना वाटत होते. त्यांनी नवा फिल्टर घातला, डबा जागेवर ठेवला आणि आपल्या पेटीतल्या रिंग पान्याने बोल्ट आवळले. गाडी चालू करून पाहिली. इंजिन शांत, एका लयीत चालले. त्यांना फार समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी बायको आणि दोन मुलींना घेऊन ते शिमल्याला जाणार होते.

ऊन उतरले. जळक्या ऑइलचे डबे बंद झाले, अंगण झाडून झाले, काकूंचा चहा आला. एकेकाने आपले बिल्ले काढून घेतले. फळी भरत आली आणि एका जागी थांबली. दहाच्या गोटी पान्याची आकृती उघडी होती. तिथे नागपूरच्या तरुणाचा बिल्ला लटकत होता.

त्याने खिसे चाचपले. आपल्या गाडीखाली पाहिले. पाना नव्हता. त्याला उशीर होत होता. मित्रांबरोबर रात्री कसौलीला जायचे ठरले होते आणि ते वाट पाहत होते.

"काका," तो म्हणाला, "दहाचा गोटी पाना शे-दीडशे रुपयांना मिळतो. मी उद्या एकाऐवजी दोन आणून देतो."

"मला पाना नकोय, पोरा," काका म्हणाले. "तो आत्ता कुठे आहे, तेवढं हवंय."

तरुण गप्प झाला. काकांनी आवाज चढवला नव्हता. त्यांनी फक्त एक रिकामी वाटी पायरीवर ठेवली आणि आपल्या स्कूटरची किल्ली तिच्यात टाकली. परिचारिकाबाई सर्वांत आधी उठल्या आणि त्यांनी झेनची किल्ली वाटीत ठेवली.

"आम्हीही मोजतो," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनमध्ये टाके घालण्याआधी चिमटे, सुया, कापसाच्या पट्ट्या, सगळं मोजून होतं. आकडा जुळला नाही तर डॉक्टर कितीही मोठे असोत, थांबावं लागतं."

सरदारजींची किल्ली आली. तरुणानेही आपली किल्ली टाकली, जरा नाराजीने. मग सगळे शोधू लागले. गवतात पाहिले, कुंड्यांमागे पाहिले, कचऱ्याची टोपली उलटी केली. अंधार पडू लागला. मोबाइलचे दिवे लागले.

शोधता शोधता बँकेतले गृहस्थ काकांजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "अंकलजी, बोलू नये, पण तो गाड्या पुसणारा पोरगा सकाळपासून फाटकाशी उभा होता. एकदा त्याला विचारून पाहावं का? भंगारात असल्या वस्तूंचे पैसे येतात."

आवाज हळू होता, पण संध्याकाळ शांत होती. पोराने ते ऐकले. तो जागचा हलला नाही.

काकांनी फळीकडे बोट केले. "तिथे बिल्ला कुणाचा आहे?"

"त्या नागपूरवाल्याचा."

"मग विचारायचं त्याला. ज्याच्या हातात आपण कधी हत्यार दिलंच नाही, त्याच्याकडे हिशेब मागायचा नाही. ही फळी मी चोर पकडायला लावलेली नाही. माणूस विसरतो, म्हणून लावली आहे."

गृहस्थ खाली मान घालून बाजूला झाले.

काकांनी सगळ्यांना पायरीवर बसवले. म्हणाले, "२५ जुलै २०००. पॅरिसच्या विमानतळावरून एक विमान उडालं आणि पाच मिनिटं गेली. मग त्याच धावपट्टीवरून कॉनकॉर्ड निघालं. आधीच्या विमानाची धातूची एक पट्टी तिथे गळून पडली होती. सुमारे ४३ सेंटीमीटरची. नीट न बसवलेली. कॉनकॉर्डचं चाक तिच्यावरून गेलं, टायर फाटला, त्याचा तुकडा पंखाखालच्या इंधनटाकीवर आदळला आणि आग लागली. विमानातले १०९ आणि जमिनीवरचे ४ जण गेले. पट्टी बसवणाऱ्याला ती बसवून घरी जाताना आपलं काम झालं असंच वाटलं असेल."

कुणी काही बोलले नाही. मग काका तरुणाकडे वळले. "आता शोधू नकोस. बस, आणि सकाळपासून काय काय केलंस ते क्रमाने सांग. घाई करू नकोस. काही सोडू नकोस."

तरुण सांगू लागला. पहिल्यांदा त्याला कंटाळा आला होता. पण सांगता सांगता दिवस त्याच्या डोळ्यांपुढे पुन्हा उलगडू लागला. स्वतःच्या गाडीची चाके. जिप्सीचे प्लग. तेव्हा दहाचा पाना लागलाच नव्हता. झेनचे ब्रेक. तिथे दुसरा पाना होता. मग मारुती.

"फिल्टरचा डबा सोडवला. डबा बाजूला ठेवला. फडक्याने कार्बोरेटर पुसत होतो. फडकं डाव्या हातात..." तो थांबला. "पाना उजव्या हातात होता. पराठे आले म्हणून हाक आली. फडकं मी बॅटरीवर टाकलं. पाना... पाना मी तिथेच टेकवला. कार्बोरेटरच्या बाजूला."

"आणि डबा परत कुणी बसवला?" काकांनी विचारले.

बँकेतले गृहस्थ उभे राहिले. "मी," ते म्हणाले. "माझ्या रिंग पान्याने."

मारुतीचे बॉनेट पुन्हा उघडले. गृहस्थांनीच बोल्ट सोडले, तरुणाने डबा उचलला, काकांनी दिवा धरला. कार्बोरेटरच्या कडेला, अ‍ॅक्सिलरेटरची केबल ज्या छोट्या तरफेला ओढते, तिच्या अगदी जवळ दहाचा गोटी पाना पडला होता.

कुणीतरी हात घालणार तोच काकांनी थांबवले. इंजिन बंद होते. त्यांनी गृहस्थांना गाडीत बसायला सांगितले. "अ‍ॅक्सिलरेटर हळूच दाबा. आता पूर्ण दाबा. आता पाय काढा."

गृहस्थांनी पाय काढला. पेडल वर आले नाही. तरफ फिरली होती, तिच्या मागे झालेल्या फटीत पाना घसरला होता आणि तरफ तिथेच अडकून राहिली होती. इंजिन चालू असते तर ते तसेच पूर्ण जोरात फिरत राहिले असते.

गृहस्थ गाडीतून उतरले. शिमल्याच्या वाटेवर परवाणूनंतर रस्ता डोंगर चढू लागतो. चढावर ट्रकला मागे टाकताना माणूस अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबतोच. पुढे वळण येते, आणि माणूस पाय काढतो. त्यांनी हे कुणाला बोलून दाखवले नाही. बोलायची गरज नव्हती.

काकांनी पाना काढला, पुसला आणि तरुणाच्या हातात दिला. तरुणाने तो फळीवर जागच्या जागी टांगला आणि आपला बिल्ला काढून घेतला. मग फोन काढून मित्रांना कळवले की आज आपण येत नाही. कुणी त्याला थांबायला सांगितले नव्हते. तो थांबला, आणि त्याने त्या दिवशी हात लावलेला प्रत्येक बोल्ट चारही गाड्यांवर काकांबरोबर पुन्हा तपासला.

बँकेतले गृहस्थ फाटकाशी गेले. पोरगा अजून तिथेच होता. ते म्हणाले, "मी तुझ्याबद्दल वाईट बोललो. पाना माझ्याच गाडीत निघाला. माझं चुकलं, बेटा." आणि त्याचा हात धरून त्यांनी त्याला आत आणले, आपल्या शेजारी पायरीवर बसवले. काकूंनी आणखी एक कप चहा आणला.

जाताना काकांनी पोराला विचारले, "दिवसभर बघत होतास. काय शिकलास?"

"प्लग आधी हाताने फिरवायचा," पोरगा म्हणाला. "पाना नंतर."

पुढच्या रविवारी काका मोटर मार्केटमध्ये गेले आणि पितळेचे चार नवे बिल्ले करून आणले. नवा आकडा ठोकून त्यांनी ते फळीशेजारच्या खिळ्यावर अडकवले. त्यानंतर पोरगा फाटकाबाहेर उभा राहिला नाही. शाळा संपल्यावर त्याने सरकारी आयटीआयमध्ये मोटार दुरुस्तीचे शिक्षण घेतले. आता त्याचे स्वतःचे छोटे गॅरेज आहे. तिथल्या भिंतीवरही एक फळी आहे, आकृत्या रंगवलेली. गिऱ्हाईक घाई करू लागले की तो नम्रपणे खुर्ची पुढे करतो आणि म्हणतो, "दोन मिनिटं बसा. मोजून होऊ द्या."

गोष्ट एवढीच आहे. हरवलेल्या पान्याची किंमत शे-दीडशे रुपये होती. तो न शोधता गाड्या सुटल्या असत्या, तर काय किंमत पडली असती ते सांगता येत नाही. त्या दिवशी अंगणात वाईट माणूस एकही नव्हता. तरुण मदत करत होता, गृहस्थ आपल्या गाडीवर प्रेम करत होते. दोघांची कामे आपापल्या जागी चोख होती, आणि त्या दोन कामांच्या मधोमध पाना राहून गेला. अनेक अपघात असेच घडतात. आणि काही हरवले की आपली नजर आधी फाटकाशी उभ्या असलेल्या माणसाकडे जाते. आपल्या नावाचा बिल्ला कुठे लटकतो आहे, ते पाहायला आपण सहसा जात नाही.

म्हणून काम गाडीचे असो, घरातले असो की कचेरीतले, उठण्याआधी आपण काय काय हाती घेतले होते ते मोजावे. आकडा जुळला नाही तर थांबावे, आणि पहिला प्रश्न स्वतःला विचारावा. उशीर झाला तरी चालेल. हत्यारे मोजून झाल्याशिवाय काम संपले असे म्हणू नये.